चांदीच्या डबीतली हाताजोडी

ती घटना आजही आठवते, आणि आठवण्याची वेळही ठरलेली आहे. सकाळची पूजा. बायको देवघरातली लिंबाएवढी चांदीची डबी उघडते, बोटावर कुंकू घेते आणि देवांना लावते. मी तेवढ्यात पेपर उघडतो किंवा उगाच नळ बंद आहे का ते बघायला जातो. त्या डबीत कुंकवाच्या आधी जे होतं ते खरं काय होतं, हे तिला अगदी अलीकडेपर्यंत माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

खात्यातून मी मुदतीआधीच बाहेर पडलो. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जात 'कौटुंबिक कारण' असं लिहिलं. निवृत्त अधिकारी आठवणी लिहितात त्या उघडकीला आणलेल्या गुन्ह्यांच्या. हाही गुन्हा कागदावर उघडकीला आलेला आहे आणि त्याबद्दल मला प्रशस्तिपत्रही मिळालं होतं. इथं नावं कोणाचीच लिहीत नाही. माझं नाव जिथं द्यायला हवं होतं तिथं दिलं आहे, ते शेवटी सांगतो.

सहायक पोलीस निरीक्षक म्हणून मी नाशिकला गोदाकाठच्या एका ठाण्यात हजर झालो, त्याच महिन्यात शांतता समितीची बैठक होती. व्यापारी, मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, सगळे जमले होते. त्यात नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीतले पूजासाहित्याचे दुकानदार होते. सगळे त्यांना शेठ म्हणत. पांढरा सदरा, कपाळाला गंध, बोलणं मऊ. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायांना त्यांच्या दुकानातून चहा यायचा. अशा माणसाशी ठाण्याचं बरं असतं. गल्लीत कोण नवीन आलं, कोणाचं कोणाशी वाजलं, हे त्याला आधी कळतं आणि तो आपल्याला सांगतो.

त्या दिवाळीत शेठ फराळ घेऊन क्वार्टरवर आले. जाताना त्यांनी खिशातून चांदीची डबी काढली आणि माझ्या बायकोच्या हातात ठेवली.

"वहिनी, ही हाताजोडी. हिमालयातल्या झुडपाची मुळी आहे. नशिबात असली तरच मिळते."

आत शेंदरात बुडवलेली, लवंगा-वेलदोड्यांत ठेवलेली तपकिरी वस्तू होती. दोन मनगटं जुळवून हात जोडावेत तशी. बोटंसुद्धा वाटावीत.

"अहो, खरंच हात जोडलेत बघा हिनं!" बायको म्हणाली.

"जिच्या घरात ही असते तिच्या मालकावर वरिष्ठांची मर्जी राहते," शेठ म्हणाले. "फक्त शेंदूर कमी पडू द्यायचा नाही. ती शेंदूर खाते. दर धनत्रयोदशीला मी पाठवत जाईन, तुम्ही काळजी करू नका."

मी देवभोळा माणूस नाही. पण खोटं कशाला बोलू, वरिष्ठांनी कक्षात बोलावलं की निघताना मी त्या डबीला बोट लावून कपाळाला लावायचो. पुढच्या धनत्रयोदशीला शेंदराची पुडी आली. तिसरी दिवाळी आठवड्यावर असताना ही केस झाली.

सकाळी दहाच्या सुमाराला ठाण्यात फोन वाजला. सुरगाण्याहून पेठ रोडनं येणाऱ्या जीपचा ड्रायव्हर होता. चहाला थांबला तेव्हा बाजूला जाऊन बोलत होता.

"साहेब, टपावर कांद्याची गोणी हाय एक. पन कांदे कदी हालत्यात का? ही गोणी हालती."

ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली, मी हवालदाराला आणि दोन शिपायांना घेऊन नाक्यावर गेलो. जीप थांबवली. चौदा माणसं उतरली आणि चौदाही जणांनी ती गोणी आपली नसल्याचं सांगितलं. अशा वेळी गोणीकडे जो अजिबात बघत नाही, गोणी त्याची असते. एक चाळिशीचा काटक माणूस आभाळात ढग शोधत होता. ऑक्टोबरचं लख्ख ऊन होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो म्हणाला, "चला साहेब."

गोणी ठाण्याच्या व्हरांड्यात उघडली. आत सहा घोरपडी होत्या, जिवंत. पाय पाठीवर ओढून, त्यांच्याच बोटांच्या शिरा उपसून त्या शिरांनीच बांधलेले. दोरी लागत नाही. त्या माणसाच्या पिशवीत एक प्लास्टिकची बरणी निघाली, वाळलेल्या तपकिरी वस्तूंनी अर्धी भरलेली.

हवालदार हसला. "साहेब, ही तर हाताजोडी! मुळी असते ही. माझ्या साडूकडे आहे ना."

मीही ओळखली होती. म्हणालो, "पूजेचं सामान दिसतंय, वेगळं ठेवा." त्या क्षणापर्यंत मी प्रामाणिक होतो. ती झाडाचीच मुळी आहे असं मला खरोखर वाटत होतं.

वन विभागाला कळवलं होतं. तासाभरात तिथल्या अधिकारी मॅडम आल्या, तिशीच्या, हातात छोटी कात्री घेऊन. आल्या त्या सरळ फरशीवर बसल्या.

"पंचनामा करायचा होता," मी म्हणालो.

"आधी पाणी आणा सर. पंचनामा पाच मिनिटांनी झाला तरी कायदा बुडत नाही."

एकेक घोरपड मोकळी करून झाल्यावर त्यांची नजर बरणीवर गेली. हवालदारानं पुन्हा मुळी असल्याचं सांगितलं.

"मुळी? काडेपेटी आहे का कोणाकडे?"

त्यांनी एक वस्तू चिमट्यात धरली आणि टोकाला काडी लावली. व्हरांडाभर वास पसरला.

"मुळी जळली की लाकडाचा वास यावा. हा कसला आहे?"

"केस जळाल्यागत येतोय," हवालदार म्हणाला.

"कारण हे मांस आहे. घोरपडीच्या नराचं लिंग. नराला ते दुभागलेलं असतं, म्हणून वाळवल्यावर हात जोडल्यासारखं दिसतं. एका हाताजोडीमागे एक नर जातो. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच हिला."

महिला शिपायानं तोंडावर रुमाल धरला आणि हवालदार ओरडला, "अरे देवा! आमचा साडू रोज सकाळी त्याला डोकं टेकवून दुकान उघडतो की हो!"

सगळं ठाणं हसायला लागलं. "साडूला फोन लावा!" "स्पीकरवर लावा!" कोपऱ्यात उकिडवा बसलेला आरोपीसुद्धा मान खाली घालून हसला. मी स्टेशन डायरी ओढून घेतली आणि वाचत असल्यासारखं केलं. कानाच्या पाळ्या गरम झालेल्या मला आजही आठवतात.

मॅडम घोरपडींना घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे निघाल्या. पायरी उतरताना म्हणाल्या, "सर, आरोपी संध्याकाळी आमच्या ताब्यात घेते. तोवर तुम्ही गिऱ्हाईक काढा. गिऱ्हाईक मोकळं राहिलं तर याला पकडून काही उपयोग नाही, उद्या दुसरा कोणी आणेल. तुमचं नाव ऐकलंय मी. न मारता बोलतं करता म्हणे."

ते खरं होतं. मी आरोपीला हात लावत नसे. चहा द्यायचा, समोर बसायचं आणि गप्प राहायचं, ही माझी पद्धत. माणूस मार सहन करतो, समोरच्याची शांतता त्याला सहन होत नाही. ठाण्यात आम्ही त्या माणसाला 'सुरगाणा' म्हणत होतो. 'सुरगाण्याला पाणी द्या', 'सुरगाण्याला आत आणा'. आज त्याचं नाव लिहीत नाही ते त्याला त्रास नको म्हणून. तेव्हा घेत नव्हतो ते सवयीनं.

चहाचा दुसरा घोट झाल्यावर तो बोलला.

"खायाला आनल्या साहेब."

मी गप्प.

"सहाच्या सहा कोन खातंय, असं म्हनता ना? बराबर हाय." त्यानं कप खाली ठेवला. "घोरपड आमी पयल्यापासून खातो, खोटं नाय बोलत. पन ते आमी टाकून द्यायचो. कुत्र्याला. मंग दोन साल झालं, डिंक इकाया नाशकाला आलो व्हतो. शेठ म्हनला, ते आन. मला वाटलं मस्करी करतोय."

"मग?"

"घरी येऊन सांगितलं तं बायको हसून हसून लोळली. म्हने, शहरातली मानसं त्याला नमस्कार करत्यात? मी म्हनलं, करू दे, आपल्याला काय." त्यानं कपाची कड पुसली. "सांगाय लाज वाटती साहेब. पन मी शेठला इचारलं व्हतं, लोकांला सांगता का, काय हाय ते? तं म्हनला, देवाजवळ ठेवलं का कोनी वास घेऊन बघत नाय."

लेखनिक शिपाई मागे बसून लिहीत होता, त्यालाही हसू आवरेना.

"पूर्वी आमच्या डोंगरात सकाळच्या उनाला दगडादगडावर दिसायच्या," तो म्हणाला. "आता सहा गोळा कराया पाच दिस हिंडलो."

"शेठ कोण?"

त्यानं गल्ली सांगितली, दुकानाच्या दारावरची पितळी घंटा सांगितली, शेठचं नाव सांगितलं. ज्याला उकल म्हणतात ती झाली होती. अर्ध्या तासात, एक चापट न मारता. लेखनिकाचं पेन चाललं होतं.

"थांब," मी म्हणालो. "ते राहू दे. चहा सांगून ये."

"आत्ताच झाला, सर."

"परत सांग."

तो गेला. तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं, हे मला सांगायचं आहे. मला फक्त वेळ हवा होता. पण पोलीस अधिकाऱ्यानं वेळ घेणं म्हणजे काय असतं हे मला चांगलं ठाऊक होतं. झडती लगेच घ्यायची असते आणि पंच लांबच्या भागातले बोलवायचे असतात, म्हणजे बातमी फुटत नाही. मी हवालदाराला त्या गल्लीतलेच पंच आणायला सांगितलं, शेठच्या शेजारचे दोघे. तो माझ्याकडे बघत राहिला.

"साहेब, त्याच गल्लीतले?"

"दुसरे आता कुठं शोधता? सण आहे."

आणि मी जेवायला घरी गेलो.

बायकोनं पान वाढलं. देवघर समोरच होतं. तिनं त्या दिवशी डबी घासली असावी, चकचकत होती. तिला सांगितलं असतं तर? ठाण्यात येऊन मॅडमना म्हणालो असतो, 'हे घ्या, माझ्याकडेही आहे, फसवून दिलेलं आहे,' तर काय झालं असतं? चौकशी झाली असती. कदाचित समज मिळाली असती. नोकरी बहुधा गेली नसती. हा हिशेब मी तेव्हाही करू शकत होतो. मला शिक्षेची भीती नव्हतीच. हवालदाराच्या साडूवर हसणारं ठाणं माझ्यावर हसेल, याची होती. 'साहेब दोन वर्षं त्याला बोट लावून कपाळाला लावत होते.' बदली झाली तरी ही गोष्ट माझ्या आधी नव्या ठाण्यात पोचली असती.

जेवण झालं, वर ताकही प्यालो.

दुकानात पोचलो तेव्हा ताजा धूप लावलेला होता. शेठ उठून उभे राहिले. "या साहेब. आधी सरबत घ्या, मग तुमचं काम."

माळा, जानवी, कापूर, समया. खालच्या फळीवरच्या धुळीत बरण्यांच्या तळाची गोल वर्तुळं होती आणि बरण्या नव्हत्या. भिंतीवर मात्र कॅलेंडर तसंच राहून गेलं होतं. ऑक्टोबरचं पान. धनत्रयोदशीच्या चौकोनाशेजारी, समासात, बारीक अक्षरांत 'शेंदूर' असं लिहून खाली दहा-बारा नावं. एक डॉक्टर, एक बिल्डर, एक शाळा चालवणारे गृहस्थ. चौथ्या ओळीवर 'साहेब, पोलीस लाईन'.

पुरावा म्हणजे काय असतो हे इतक्या वर्षांत मला इतकं स्पष्ट कधी दिसलं नव्हतं. ते एक पान जप्त केलं असतं तर दहा-बारा घरांतल्या डब्या उघडल्या असत्या.

शेठनं माझी नजर बघितली. त्याच मऊ आवाजात, दोन्ही पंचांसमोर, ते म्हणाले, "वहिनींची डबी व्यवस्थित आहे ना साहेब? धनत्रयोदशीला पाठवतोच पुडी."

हवालदार दारात उभा होता. त्यानं घंटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग रस्त्याकडे तोंड केलं.

पंचनाम्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'केवळ संशयावरून घेतलेल्या झडतीत आक्षेपार्ह काहीही मिळून आले नाही.' कॅलेंडरचा उल्लेख केला नाही.

परत आलो आणि लेखनिकाचा कागद बाजूला ठेवून आरोपीचा जबाब नव्यानं लिहिला. मग त्याला वाचून दाखवला, तसा नियम आहे म्हणून. 'सदर घोरपडी व त्यांचे अवयव मी नाशिक येथे एका अनोळखी इसमास विकणार होतो.'

तो पुढे वाकला. त्याला वाटलं माझ्याकडून चूक झाली आहे. समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "अनोळखी नाय साहेब. वळख सांगितली की मी."

आता जे लिहितो आहे ते कित्येक वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी खुर्ची त्याच्या जवळ ओढली आणि आवाज खाली आणला. म्हणालो, "हे बघ, शेठचं नाव घेतलंस तर टोळी म्हणून केस लागेल. वर्षं जातील. एकटाच होतो म्हण, गिऱ्हाईक माहीत नाही म्हण, पंधरा दिवसांत जामीन होईल. मॅडमनी विचारलं तरी हेच सांग. तुझ्या भल्याचं सांगतोय."

कायद्यात असं काहीही नव्हतं. उलट मोठं गिऱ्हाईक पकडून दिलं असतं तर त्याचं ओझं हलकं झालं असतं. पण मी त्याला मारलं नव्हतं, चहा दिला होता. म्हणून त्यानं माझं ऐकलं. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

संध्याकाळी मॅडमनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "वळखत नाय." दोन घोरपडी वाटेत मेल्या होत्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सगळं करून बघितलं. खरंच माहीत नाही त्याला."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. लेकराला पाठीशी बांधून दोन जीपा बदलून आली होती. तिला वन विभागाचं ऑफिस सापडलं नाही म्हणून ठाण्यात आली.

"साहेब, भात कापाया आलंय. कापनी झाली का द्राक्षाच्या कामाला जायाचं असतं आमाला. कापनीच्या आधी सुटंल का?"

"सुटेल," मी म्हणालो.

तो सुटला नाही. जामिनाला उभं राहील असं त्याच्याकडे कोणी नव्हतं. भात कापलं की कोणी कापून दिलं की शेतात गळून गेलं, हे मी विचारलं नाही. पेपरात माझा फोटो आला, समोर रिकामी गोणी. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तेव्हा मनात आलं की हाताजोडी पावली.

धनत्रयोदशीच्या पहाटे मी बायकोला म्हणालो, "ती मुळी किडली आहे, विसर्जन करतो." तिनं आधी हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला, मग ती कागदात बांधून दिली. डबी ठेवून घेतली, चांदीची होती म्हणून. रामकुंडाच्या खालच्या अंगाला पायरीवर एक बाई निर्माल्य गोळा करत होती. तिनं हात पुढे केला.

"देव हाय का दादा? द्या, मी ठिवते नीट."

"नाही, देव नाही," मी म्हणालो आणि पुडी पाण्यात टाकली. पुरावा नष्ट केला असं कलमाच्या भाषेत म्हणतात. घरी आलो तर शेंदराची पुडी येऊन पडली होती. ती मी परत पाठवली नाही.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. आरोपीच्या वकिलानं विचारलं, गिऱ्हाईक कोण होतं? मी शपथेवर सांगितलं, तपासात निष्पन्न झालं नाही. तो पिंजऱ्यात उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, मी मात्र बघत होतो. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. बाहेर मॅडम भेटल्या. म्हणाल्या, "सर, मला तेव्हाच शंका आली होती. पण तुम्ही म्हणालात म्हणून मी पुढे खोदलं नाही."

त्यानंतर कोणाच्याही समोर गप्प बसून त्याला बोलतं करणं मला जमेना. समोरचा बोलायला लागला की ऐकावंसं वाटत नसे. लवकरच अर्ज दिला.

गेल्या वर्षी मेव्हण्याच्या वास्तुशांतीला गेलो. नव्या देवघरात चांदीची डबी होती. शेजारी शेंदराची पुडी, तोच कागद, तोच शिक्का. "हिमालयातली आहे दाजी," मेव्हणा म्हणाला. मी जेवण अर्धं टाकून उठलो. पित्त झालं म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी सुरगाण्याच्या जीपमध्ये बसलो.

पत्ता पाठ होता, मीच लिहिला होता. तो अंगणात नागली, म्हणजे नाचणी, वाळत घालत होता. केस पांढरे झाले होते. त्यानं मला लगेच ओळखलं आणि खाट टाकली. बायको दारात आली, मला बघून आत गेली ती बाहेर आली नाही. कोरा चहा त्यानंच आणला. मी गप्प बसलो, आणि या वेळी ती माझी पद्धत नव्हती. तोही गप्प बसला. त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

शेवटी मीच बोललो. "शेठचं नाव तू घेतलं होतंस. मी लिहिलं नाही."

"हां."

"का लिहिलं नाही ते सांगायला आलोय."

"माहीत हाय," तो म्हणाला. "तुमच्या घरी व्हती ना ती?"

मी कप खाली ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? मॅडमनं काडी लावली, सगळे हासले. हवालदार हासला, ती पोलीसबाई हासली, मी बी हासलो. तुमी एकले नाय हासला." त्यानं नागलीतला खडा उचलून बाजूला टाकला. "तवाच कळलं."

"मग मॅडमना का नाही सांगितलंस? कोर्टात का नाही?"

"कसं सांगनार? मोठ्या मानसाच्या देवघरातली गोष्ट. चारचौघांत काढाया बरी दिसती का? तुमी मारलं नव्हतं मला." मग आवाज न चढवता म्हणाला, "पन बायकोला सुटंल म्हनाला तुमी. ते नव्हतं म्हनाया पायजे. तिनं त्या भरोशावर कापनी थांबवली. मानूस येतोय म्हनून. समदं भात गळालं."

मी इतकी वर्षं आरोपींचे चेहरे वाचले. समोर बसलेला माणूस आपलाही चेहरा वाचत असतो, हे मला त्या अंगणात कळलं. त्यानं माझी लाज झाकली होती आणि त्यासाठी तीन वर्षं आत काढली होती. मी त्याला दिलेल्या खोट्या सल्ल्याला तो फसलाच नव्हता. घोरपडी मारल्याचा गुन्हा त्याचा होता आणि तो त्यानं भोगला. पण त्या डोंगरात फिरून त्या गोळा कराव्यात असं त्याला कधी सुचलं नसतं. ते आमच्या देवघरांनी सुचवलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. डबीतल्या वस्तूचं सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ती म्हणेल, मी त्याला दोन वर्षं शेंदूर लावत होते? ती म्हणाली, "लेकराला बांधून आलेल्या त्या बाईला तुम्ही सुटेल म्हणालात?"

"हो."

"आणि मला म्हणालात, मुळी किडली."

"हो."

तिनं डबी उचलली, कुंकू तुळशीत ओतलं. मग पुन्हा भरून जागेवर ठेवली. मी विचारलं, आता कशाला ठेवतेस? म्हणाली, "राहू दे. तुम्हाला रोज दिसली पाहिजे."

त्या आठवड्यात मी वन विभागाला अर्ज दिला. दुकानाचा पत्ता, मेव्हण्याच्या घरातल्या पुडीवरचा शिक्का, कॅलेंडरवरची जेवढी आठवली तेवढी नावं, आणि चौथ्या ओळीवर माझं. खाली सही, पूर्ण नाव, शेवटचा हुद्दा. आवक शिक्का मारताना कारकुनानं पहिली ओळ वाचली आणि मान वर केली. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. पुढं काय होईल ते माहीत नाही, मेव्हणा बोलत नाही.

अर्जाची पहिली ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती अशी आहे: 'सदर प्रकरणातील गिऱ्हाईक अनोळखी नव्हते. आरोपीने त्याची ओळख मला त्याच दिवशी सांगितली होती.'